डबे माझ्यामागे, दिल्ली माझ्यामागे

मी फौजेत रसदीच्या खात्यात होतो. बंदुकीपेक्षा पीठ, डाळ आणि डिझेल मोजण्यातच नोकरी गेली. निवृत्तीनंतर चंदीगडला राहिलो. इथल्या मराठी घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलांना घेऊन मी पानिपतला जातो, त्याबद्दल आज बोलणार आहे.

पहिली सहल मीच बिघडवली. काला आंबच्या स्मारकापाशी मुलांना ओळीत बसवलं आणि पाऊण तास भाषण ठोकलं. 14 जानेवारी 1761, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी. फौजी माणूस, त्यात हातात नकाशा, थांबतो कशाला? शेवटी एका मुलाने हात वर केला. मला वाटलं, शंका आहे. तो म्हणाला, "आजोबा, डबा कधी खायचा?"

परतीच्या वाटेवर ते वाक्य डोक्यातून जाईना. अहो, पानिपतावर मराठ्यांचा प्रश्न तोच तर होता!

पुढच्या वर्षी कर्नालजवळ बस थांबवली. शेजारीच कुंजपुरा. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी ते ठाणं घेतलं, धान्य हाती लागलं. म्हणून प्रत्येकाला एकेक लाडू. मग सांगितलं, की तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. डब्यांची पिशवी ठेवली बसच्या मागच्या टोकाला, आणि मी मधल्या वाटेत आडवा उभा राहिलो. "दिल्ली माझ्यामागे. डबेही माझ्यामागे. घ्या आता."

काय गोंधळ झाला! एकजण खिडकीतून निघाला होता, त्याला पकडून बसवलं. दोघांनी तह करायचं ठरवलं. एकीने विचारलं, "सैन्यात लहान मुलं होती का?" होती. बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. अडीच महिने त्या सगळ्यांना खायला लागत होतं. "मग त्यांना आधीच घरी का नाही पाठवलं?" आठ वर्षांची मुलगी हे विचारते. रसदीचा अख्खा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात आला.

डबे मी अर्धाच तास अडवतो. जास्त ताणलं तर आयांचे फोन येतात.

स्मारकापाशी आता ते आंब्याचं झाड नाही, खांब आहे. रक्ताने आंबे खरंच काळे झाले का, हे मुलं हमखास विचारतात. मी हो म्हणत नाही. लोक तसं सांगतात, एवढंच म्हणतो. थरार थोडा कमी होतो, होऊ दे.

त्या वर्षीचा ड्रायव्हर कर्नालकडचा होता. जेवताना मुलांना म्हणाला, "हम भी मराठे हैं." हरियाणात रोड समाजातले पुष्कळ लोक स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात. त्यावर वाद आहेत, पण डबे उघडे असताना मी त्यात शिरलो नाही. आमच्यातली दुसरीतली एक मुलगी, जन्म चंदीगडचा, मराठी बोलता बोलता पंजाबीत घसरणारी, त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"फिर आप घर वापस क्यों नहीं गए?"

तो हसला. "बेटा, घर तो यही है."

ती बराच वेळ नुसती चावत बसली. मग तिने आपल्या डब्यातली अर्धी गूळपोळी मोडून त्याच्या हातावर ठेवली.