ओटला, बाक आणि बायकांची वाट



साहित्यसभेच्या व्यासपीठावर नगररचनेचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. पण मी सुरुवात एका शब्दापासूनच करणार आहे. घरासमोरच्या चौथऱ्याला आपण इंदूरकर ‘ओटला’ म्हणतो. पुण्यामुंबईचे पाहुणे हसतात, हसू देत. माझी आजी दुपारची झाकपाक झाली की ओटल्यावर येऊन बसे. तिच्या मांडीवर तांदूळ निवडायचे ताट आणि समोरच्या काकूंच्या हातात वातींचा कापूस. ताटाशिवाय नुसती बसलेली आजी मला आठवतच नाही. बाईने घराबाहेर बसायचे तर हातात काम हवे, हा नियम कुणी लिहिला नव्हता. पाळत मात्र सगळ्या होत्या. पुढे रस्ता रुंद झाला आणि ओटला गेला. आजोबांना चौक होता, पानाचे दुकान होते. आजी खिडकीत गेली.

हे नुकसान कोणत्याही नकाशात नोंदले गेले नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की शहर आखणारे जे मोजतात त्यालाच जागा मिळते, आणि बायकांचा दिवस आपण कधी मोजलाच नाही.

एका शहराने तो मोजला. १९९१ साली ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, एव्हा काइल या नगररचनाकार बाईंनी सहकाऱ्यांसह एक छायाचित्र प्रदर्शन भरवले. विषय साधा होता: वेगवेगळ्या परिस्थितीतल्या आठ स्त्रिया दिवसभरात शहरात कुठून कुठे जातात? त्यातून दिसले, ते आपल्या घरातही दिसेल. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ रेघेचा असतो: घर, कचेरी, घर. बाईचा प्रवास साखळीसारखा. मुलाला शाळेत सोडायचे, वाटेत सासूबाईंचे औषध घ्यायचे, मग नोकरी, येताना भाजी, शिंप्याकडचे पोलके, पुन्हा शाळा. यातले बरेचसे पायी. आणि रस्ते, सिग्नल, बसच्या वेळा आखल्या जातात त्या सरळ रेघेसाठी. साखळीतल्या प्रत्येक कडीला बाई नवे भाडे देते, किंवा पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने गाडी चुकवत चालते.

त्या शहराने पुढे घरेही बांधली. १९९७ साली पुरी झालेली, स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली ३५७ घरांची एक वसाहत तिथे आहे. जिने उजेडाचे आणि रुंद, बाबागाडी ठेवायला जागा, आवारातच बालवाडी, आणि अंगणात खेळणारी मुले घरातून दिसतील अशी मांडणी. आपल्या वाड्यातल्या चौकाची ज्यांना आठवण आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मला अधिक शिकवून गेली ती बागांची गोष्ट. साधारण दहा वर्षांच्या झाल्या की मुली बागेत यायच्या कमी होतात, असे तिथल्या पाहणीत आढळले. त्यांना कुणी हाकलले नव्हते. पण मोकळे मैदान एकच, त्यात मुलांचा चेंडू; जागेसाठी भांडायचे तर मुली माघार घेत. १९९९ मध्ये दोन बागांची फेररचना सुरू झाली. वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, मोठ्या मैदानाचे लहान भाग केले. मुली परत आल्या. त्यासाठी ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लावावी लागली नाही.

आपल्याकडे मात्र पाटी लावली की काम संपले असे वाटते. स्वच्छतागृहांचेच पाहा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, याविरुद्ध २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली. हा विषय सभेत काढायला संकोच वाटतो खरा. पण माझी आई बाजारात जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसे. आज या सभागृहातही काहीजणी तशाच आल्या असतील. हा संकोच किती महाग पडतो, ते त्यांना विचारा.

त्याच २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईवरचे ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आले. बाईला बाहेर असण्याचे कारण सतत दाखवावे लागते. विनाकारण रेंगाळता येणे हाच खरा हक्क आहे, असा त्याचा आशय. ते वाचताना मला आजीचे तांदळाचे ताट दिसले. निवडून झालेले तांदूळसुद्धा ती पुन्हा निवडी, ते का, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

ही सगळी परक्यांची शिकवण आहे, असे कृपा करून समजू नका. महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी कुणीही पायरीवर बसावे. का बसलात, असे कुणी विचारत नाही. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो. आणि पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली आपल्या इंदूरचाच नगररचना अहवाल होळकर दरबारला दिला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. पाहणीत बायकांची वाट धरायची, एवढेच आपल्याला करायचे आहे.

सुरुवात याच सभागृहापासून करू या. आपली व्याख्याने साडेसहाला सुरू होतात. साडेसातला मागच्या रांगेतल्या बायका हळूच उठू लागतात. प्रश्नोत्तरांच्या वेळी उरतात ते बहुतेक पुरुष. मग अहवालात लिहिले जाते, ‘महिलांनी प्रश्न विचारले नाहीत.’ वेळ चारची केली तर? बाहेरच्या बोळात एक दिवा लावला तर? आवारातल्या झाडाखाली दोन बाक टाकले तर?

आणि एक विनंती. प्रत्येक घरातल्या एका बाईने आपल्या एका दिवसाची वाट कागदावर काढावी: कुठे गेले, कशाने गेले, कुठे थांबायला जागा नव्हती, कुठे भीती वाटली. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला ते कागद घेऊन या. भिंतीवर लावू, आणि नगरसेवकांना पाहायला बोलावू.

झाडाखालचे बाक आले, की मी तिथे नुसती बसणार आहे. हातात काही नसेल. तुम्हीही या.