मदत ओसरल्यानंतर



30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चार वाजायचे होते. गणपती बोळवून दमलेली गावे गाढ झोपेत होती, आणि किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास 8 हजार माणसे गेली. इतकी माणसे का दगावली?

उत्तर घरांतच होते. आपल्याकडची दगडी भिंत चांगली जाड, दिसायला भक्कम. पण ती दोन्ही अंगांनी मातीत दगड रचून उभी केलेली. मधे नुसता चुरा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची आणि छताचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जायचे. हादऱ्याने भिंती फुटल्या आणि ते ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

मदत चहूकडून आली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला आणि 52 गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, पण जुना शेजार विस्कटला, अनेकांना शेत लांब पडले. याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या कामाची चर्चा मात्र कमी होते. 13 जिल्ह्यांतली सुमारे 2 लाख घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. भिंतीला आरपार भोक पाडायचे, त्यात सळी ठेवून काँक्रीट भरायचे, माळवदावरची माती कमी करायची, चारही भिंती एकत्र बांधणारा पट्टा घालायचा. पैसे हप्त्याने घरमालकाला मिळत. काम त्याच्या डोळ्यांदेखत होई. गावातल्याच महिला ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी जाऊन हे सगळे समजावून सांगत.

माझे म्हणणे एवढेच आहे. जीव वाचवायला बाहेरची मदत लागते. पण सावरायचे तर संकटाचे कारण गावाला उमगावे लागते आणि ते दूर करण्याचे काम गावाच्या हाती यावे लागते.

पाण्याच्या बाबतीत हे अजून पुरते घडलेले नाही. 2014 आणि 2015 असे दोन पावसाळे हुकले, धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. त्या मदतीचे मोल लातूरकर विसरणार नाहीत. पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, मांजरा भरले, आणि उसाचे क्षेत्र, बोअरची खोली, भूजलाचा हिशेब हे प्रश्न पुन्हा मागे पडले. पाऊस आपल्या हातात नाही. कोणत्या पिकाला किती पाणी द्यायचे, हे ठरवणे मात्र आपल्याच हातात आहे.

नांदेडच्या श्रोत्यांनीही हे दूरचे समजू नये. नांदेडचे पिण्याचे पाणी विष्णुपुरी धरणावर अवलंबून आहे. आणि 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीत धक्के जाणवले, तेव्हा छपराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून घ्या, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. म्हणजे किल्लारीचा धडा अजून प्रत्येक घरापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारा. धक्का बसला तर आपल्या गावातली कोणती भिंत आधी पडेल? पाऊस हुकला तर कोणती विहीर आधी आटेल? उत्तरे गावातल्या गवंड्याला, शेतकऱ्याला, पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असतात. ती लिहून घ्या, आणि भिंत उभी आहे, विहिरीला पाणी आहे, तोवरच कामाला लागा.