विमान उतरविण्याची वेळ

विमान आकाशांत चढतें याचें माणसास मोठें कौतुक वाटतें. परंतु वैमानिकाच्या विद्येची खरी कसोटी तें खालीं उतरवितांना लागते.

उंचावरून वेगानें येणाऱ्या विमानाजवळ उंचीचा आणि वेगाचा मोठा सांठा असतो. धांवपट्टी गांठेपर्यंत तो बेताबेतानें खर्ची पडावयास हवा. उतरणीची नेहमींची वाट सुमारें ३ अंशांची असते. म्हणजे एका सागरी मैलास सुमारें ३०० फूट उंची कमी होते. या वाटेवर वैमानिक पंखांचे फ्लॅप टप्प्याटप्प्यानें बाहेर काढतो व चाकें सोडतो. फ्लॅपमुळें कमी वेगांतही विमान तरंगूं शकतें. पण फ्लॅप आणि चाकें या दोहोंमुळें हवेचा विरोध वाढतो.

हीं साधनें फार लवकर काढलीं, तर एंजिनांस अधिक जोर लावावा लागतो. इंधन व्यर्थ जळतें आणि खालच्या वस्तीची झोप मोडते. सायकलस्वारानें ब्रेक दाबून पायडल मारावें, तसाच हा प्रकार. उलट फार उशीर केला, तर वेग आवरत नाहीं. म्हणून सर्वमान्य दंडक असा, कीं विमानतळापासून ढगाळ हवेंत १००० फुटांवर व स्वच्छ हवेंत ५०० फुटांवर वेग, वाट, फ्लॅप, चाकें हें सारें स्थिर झालेलें असावें. नसेल तर उतरण्याचा हट्ट सोडून पुन्हां वर जावें.

२२ मे २०१० रोजीं दुबईहून मंगळूरला आलेलें विमान योग्य वाटेपेक्षां फार उंच होतें. सहवैमानिकानें वर जाण्यास सुचविलें. तरीही उतरण्याचा यत्न चालूच राहिला. पठारावरील धांवपट्टीच्या बऱ्याच आंत तें टेकलें आणि टोंक ओलांडून दरींत कोसळलें. १५८ जण मृत्युमुखीं पडले, ८ वांचले.

जर्मनीच्या विमान व अंतराळ संशोधन संस्थेनें या कामीं एक साहाय्यक योजना सिद्ध केली. २०१६ सालीं फ्रांकफुर्ट व २०१९ सालीं झुरिच येथें तिचे प्रयोग झाले. वारा व विमानाचें वजन यांचा हिशेब करून फ्लॅप आणि चाकें केव्हां काढावीं, हें ती वैमानिकास पडद्यावर दाखविते. एंजिनें शक्य तितका वेळ मंद ठेवावीं, पण स्थिरतेची मर्यादा ओलांडूं नये, हा तिचा हेतु.

फिरून वर जाण्यास लागणारें इंधन, चाकें थोडीं उशिरां सोडून वांचविलेल्या इंधनाहून पुष्कळच अधिक असतें. तेव्हां काटकसर व सुरक्षितता यांचें येथें वैर नाहीं. वेळ साधली कीं दोन्ही साधतात. आणि ती चुकलीच, तर धांवपट्टी दिसत असतांही विमान पुन्हां वर नेणाऱ्या वैमानिकाविषयीं प्रवाशांनीं कुरकूर करूं नये. त्यानें आपलें कर्तव्यच केलेलें असतें.