गडावरचीं आडनांवें



२०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलेल्या लोहगडावर, पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीनें, आम्ही कांहीं मंडळी भिंतींवरचीं नांवें पुसावयास गेलों. खडू-कोळशाचीं अक्षरें पाण्यानें व मऊ कुंचल्यानें गेलीं. तैलरंग दगडांत मुरलेला. तारेचा ब्रश चालवावा तर दगडच झिजतो, म्हणून तें काम तज्ज्ञांवर सोपविलें. खिळ्यानें कोरलेलीं नांवें मात्र तशींच राहिलीं, आणि त्यांत आपल्या ज्ञातीचीं आडनांवें आम्हीं वाचलीं! (अक्षर वळणदार होतें, शिकविणाऱ्यांत आम्हीही असूं.) जवळच्या कार्ल्याच्या लेण्यांतील स्तंभांवरही सुमारें २००० वर्षांपूर्वींचीं नांवें आहेत, पण तीं स्तंभ दान करणारांचीं. यंदा ज्ञातीची सहल निघेल तेव्हां पालकांनीं मुलांच्या पिशव्या आधीं तपासाव्या, ही विनंती.