दिवसा जळणारा दिवा



भर दुपारी मोटारसायकलवरून तुम्ही धाराशिवच्या शिवाजी चौकाकडे निघालेले असता. समोरून येणारा एखादा भला माणूस हात वर करून बोटांची उघडझाप करतो, म्हणजे "लाईट चालू राहिलीय." हेतू चांगलाच असतो त्याचा. पण तो दिवा चुकून चालू राहिलेला नसतो. एप्रिल २०१७ पासून आलेल्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो, आणि तो बंद करायला बटणच दिलेलं नसतं. हा नियम करावा लागला, कारण दुचाकी समोरच्याला नीट दिसत नाही. आज मला याच गोष्टीवर बोलायचं आहे. हेल्मेटबद्दलही बोलेन, पण ते नंतर.

समोरून पाहिली तर मोटारसायकल जेमतेम दोन हात रुंद. येणारं वाहन किती वेगात आहे, हे आपला डोळा ते किती भराभर मोठं होत जातं यावरून ठरवतो. ट्रक लांबूनच मोठा होताना दिसतो. दुचाकी अगदी जवळ येईपर्यंत लहानच वाटते आणि मग एकदम अंगावर येते. त्यामुळे गल्लीतून मोटार बाहेर काढणाऱ्याला वाटतं, अजून लांब आहे, निघून जाऊ. त्यात काचेशेजारचा खांब डोळ्याआड आला तर अख्खी मोटारसायकल माणसासकट त्यामागे लपते. अपघातानंतर "मला दिसलाच नाही हो" असं ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो खरंच सांगत असतो.

म्हणून शहरात गाडी चालवताना मनाशी एकच धरावं, की समोरच्यानं मला पाहिलेलं नाही. बसस्टँडचा परिसर घ्या. रिक्षा हात न दाखवता थांबते, फळांचा गाडा रस्त्यात येतो, उभ्या मोटारीचं दार फाडकन उघडतं. पण तिथला सगळ्यात मोठा धोका म्हणजे एसटीच्या डाव्या बाजूनं घुसणं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डाव्या अंगाला, दाराच्या खाली, काय चाललंय ते त्याला जवळजवळ दिसत नाही. शिवाय लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतल्या अंगानं कापत येतं. एवढा वेळ मोकळी दिसणारी फट बघता बघता मिटते आणि दुचाकीवाला चाक आणि कठडा यांच्या मधे सापडतो. खूण सोपी आहे. एसटीच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. अशा वेळी मागे थांबावं. चालक, वाहक आणि चाळीस माणसं पुढे जातील तेवढा दम आपण धरू शकतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून जातो, पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून. गावातली वाहतूक आणि महामार्गाचा वेग एकमेकांना भिडतात ते या गावांच्या तोंडाशी. दुभाजकातला कट लांब पडतो म्हणून कितीतरी जण सरळ उलट्या बाजूनं निघतात. ताशी ८० किलोमीटरनं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो, ताशी ४० नं जाणारे आपण ११ मीटर. दोघांमधलं १०० मीटर अंतर तीन सेकंदांत संपतं. लांब जाऊन सरळ बाजूनं येणं कंटाळवाणं आहे खरं, पण त्या तीन सेकंदांत करण्यासारखं काहीच हातात उरत नाही.

आता उसाचा हंगाम. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा फुटलेला नाहीतर नसलेलाच, आणि लावलेलं रेडियम लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेलं. ट्रॉली पंक्चर झाली की रस्त्यावरच उभी, मागे दोन दगड. समोरून येणाऱ्या गाडीचा फोकस डोळ्यांवर पडतो, क्षणभर काळोख होतो, आणि नेमकी तिथंच ट्रॉली असते. ताशी ६० नं जाताना सेकंदाला सुमारे १७ मीटर मागे पडतात. धोका कळून ब्रेकवर हातपाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण चाळीस-पन्नास मीटर. खाली केलेल्या दिव्यात एवढ्या लांबचा काळा ऊस दिसत नाही. म्हणून हंगामात रात्री चाळीसच्या वर जाऊ नका. आणि ट्रॉलीवाल्या बंधूंनो, मागच्या फळीवर वाढ्यांनी झाकली जाणार नाही अशा मोकळ्या जागी रेडियमची रुंद पट्टी लावा. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्यांनी कॅनलाही लावावी.

आता हेल्मेट. ताशी ६० चा वेग म्हणजे सुमारे चौदा मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्यावरून पडण्याइतका. गच्चीच्या कठड्यावर आपण पोराला बसू देत नाही, आणि गाडीच्या टाकीवर बसवून बाजारात नेतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५० हजारांच्या वर, आणि त्यात मागे बसलेले १४ हजारांहून जास्त. हा मागचा आकडा मला फार लागतो. तुळजापूरला देवीला निघालेलं जोडपं आठवून पाहा. हेल्मेट असलंच तर त्याच्या डोक्यावर, तिच्या डोक्यावर पदर, मांडीवर लेकरू. चार वर्षांवरील प्रत्येकाला कायद्यानं हेल्मेट लागतं आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही हेल्मेट व सुरक्षेचा पट्टा हवा, वेग चाळीसच्या आत.

हेल्मेटमध्ये काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो स्वतः चेपतो आणि धक्का कवटीपर्यंत कमी पोचू देतो. एकदा चेपला की संपला, म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलावं. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर पहिल्याच आपटीत ते उडून जातं. आयएसआय खूण बघूनच घ्या. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा असं सांगतो, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची ४२ टक्क्यांनी घटते. कोपरावर अडकवलेल्या हेल्मेटला यातलं काही लागू नाही.

मायबहिणींनो, गाडी सुरू होण्याआधी पदर, ओढणी खोचून घ्या. ती चाकात अडकू नये म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारी जाळी आणि धरायला मूठ गाडीला असलीच पाहिजे, तसा नियम आहे. कित्येक जण शोभेसाठी ती जाळी काढून टाकतात. आजच परत बसवून घ्या.

आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा. श्वास अडकलेला नसेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा झालेली असू शकते. पोलिसांच्या भानगडीची भीती वाटत असेल तर ऐकून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आहे. चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याला आपलं नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही त्याचं तोच ठरवेल.