श्वानास सर्पदंश : लक्षणे आणि तातडीचे उपचार



वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी नगरीचा नागाशी असलेला संबंध फार जुना आहे. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्यांत मुचलिंद नागाचेही शिल्प आढळले. आजही या धानपट्ट्यात शेतकरी आणि साप यांची गाठ रोज पडते. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यांवर, कापणीनंतर धानाच्या पुंजण्यांत आणि तणशीच्या ढिगांत उंदीर वाढतात व त्यांच्या मागोमाग साप येतात. घराची व खळ्याची राखण करणारा कुत्रा अशा वेळी सर्वांच्या आधी पुढे धावतो. दंशही प्रथम त्यालाच होतो, आणि तो बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो.

भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप प्रमुख मानले जातात. त्यांच्या विषांचे परिणाम भिन्न आहेत. विदर्भात परड म्हणूनही ओळखली जाणारी घोणस चावली असता दंशाची जागा झपाट्याने सुजते, तीव्र वेदना होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका संभवतो. नागाचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. लाळ गळणे, पापण्या मिटू लागणे, पाय लटपटणे आणि अखेरीस श्वास मंदावणे हा त्याचा क्रम होय. मण्यार रात्री हिंडणारी. तिच्या दंशाची खूण सहसा दिसत नाही, सूजही नसते. अंगणात निजलेला कुत्रा सकाळी लुळा पडलेला आढळल्यास हाही संशय मनात धरला पाहिजे.

या विषांवर एकच खात्रीचे औषध आहे, ते म्हणजे सर्पविषरोधक लस. घोड्यांना अल्प प्रमाणात विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती तयार केली जाते आणि चारही सापांच्या विषांवर ती चालते. माणसास देतात तीच लस श्वानासही देतात. येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. कुत्रा लहान म्हणून मात्रा लहान, हा हिशेब येथे लागू पडत नाही. मात्रा शरीरात गेलेल्या विषावर अवलंबून असते, प्राण्याच्या वजनावर नव्हे. एक मिलिलिटर लस घोणशीचे सुमारे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे सुमारे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. त्यामुळे कधी कधी एकाहून अधिक कुप्या लागतात.

पशुवैद्यक ही लस सलाईनमध्ये मिसळून शिरेवाटे सावकाश देतात. तिची तीव्र प्रतिक्रिया उद्भवण्याचा संभव असल्याने ॲड्रेनलिन हाताशी ठेवतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही, यावरून घोणशीच्या विषाचा अंदाज येतो. नागदंशात ॲट्रोपिनसह निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. श्वास थांबू लागल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा आधार द्यावा लागतो.

दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा काळ मात्र पशुपालकाच्या हाती असतो. कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा प्रथम सोडावा, कारण सूज मानेपर्यंत उतरल्यास तोच फास ठरतो. त्यास चालवू नये, पोत्यावर वा चादरीवर घालून उचलून न्यावे. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे, मिरची वा कडूनिंबाचा पाला चारून विषाची परीक्षा पाहणे, हे सारे प्रकार घातक आहेत. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. मंत्रतंत्रात गेलेला अर्धा तास पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. बिनविषारी सापाच्या दंशानंतर कुत्रा आपोआप बरा होतो आणि त्याचे श्रेय मांत्रिकास मिळते, एवढेच त्या उपचाराचे रहस्य आहे.

साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. त्या खटपटीत दुसरा दंश होतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. दुरून त्याचा रंग व ठिपके ध्यानात ठेवले तरी पुरे.

पावसाळा सुरू होण्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस उपलब्ध आहे काय, नसल्यास ती कोठून मिळेल, याची चौकशी प्रत्येक गावाने करून ठेवावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तणशीचे ढीग घरापासून दूर रचावेत, अंगण स्वच्छ ठेवावे आणि रात्री कुत्र्यास उंच ओट्यावर निजवावे. जो मुका प्राणी घरादारासाठी सापासमोर उभा राहतो, त्याला वेळेवर दवाखान्यात पोहोचविणे हे धन्याचे कर्तव्यच होय.