ल्यूपसच्या नव्या औषधाची पारख

लॅटिन भाषेत ‘ल्यूपस’ म्हणजे लांडगा. लांडग्याने चावा घेतल्यासारखे व्रण चेहऱ्यावर दिसत, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव ठेवले असे सांगतात. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. गालांवर व नाकावर फुलपाखराच्या आकाराची लाली उमटते, डोक्यावर चट्टे पडतात, आणि उन्हाने ते बळावतात. चट्टा विझला तरी पुष्कळदा वण राहतो व तेथे केस पुन्हा उगवत नाहीत. रोग सांसर्गिक नाही. तरी शेजारी बसणारा माणूस थोडा सरकून बसतो, हे दुःख निराळेच.

१८९४ साली लंडनच्या डॉ. पेन यांनी यावर क्विनीन दिले. १९५१ मध्ये डॉ. पेज यांनी हिवतापावरील मेपाक्रीन १८ रोग्यांना दिल्याचे प्रसिद्ध केले. त्याने अंग पिवळे पडे, पण चट्टे ओसरत. मात्र हा रोग कधी आपणहूनही ओसरतो. मग गुण औषधाचा म्हणावा की ऋतूचा?

लिटिफिलिमॅब या नव्या औषधाच्या चाचणीत हाच प्रश्न मुळाशी होता. रक्तातील काही मोजक्या पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणावर निर्माण करून दाह वाढवितात. त्यांना हे औषध आवर घालते. १३२ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. ९९ जणांना औषधाच्या तीन निरनिराळ्या मात्रा आणि ३३ जणांना औषध नसलेले इंजेक्शन मिळाले. कोणास काय मिळाले हे रोग्यासही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्या डॉक्टरासही नव्हते. हिवतापाची जुनी औषधे ज्यांना चालू होती, त्यांची ती तोडली नाहीत.

चट्ट्यांची लाली, खवले इत्यादींना शून्य ते सत्तर गुण देतात. जुन्या वणांचे खाते स्वतंत्र असते, आणि ते योग्यच. न पुसणारा वण हिशेबात धरला तर उत्तम औषधही नापास व्हायचे.

निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनी १५० मिलिग्रॅमच्या गटात हे गुण सुमारे ४८ टक्क्यांनी उतरले. ४५० मिलिग्रॅमने ते सुमारे साडेबेचाळीसच उतरले. मात्रा तिप्पट केली म्हणून गुण वाढला नाही. औषध न मिळालेल्यांतही साडेचौदा टक्के उतार पडला होता. तो वजा केल्यावर उरले तेच औषधाचे श्रेय. औषध घेतलेल्यांपैकी काहींना ओठांवर फोड आले, एकास नागीण झाली. पहारेकऱ्यास आवरले की हे भय असतेच. म्हणूनच त्यानंतर अधिक रोग्यांवरील, अधिक काळाच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.